केदारखेड्याचा विश्वनाथ आणि उपरण्याखालचा सौदा

किश्शांचं कापसाच्या वानगीसारखं असतं. आडत दुकानात येणारा प्रत्येकजण गाडीतला मूठभर कापूस नमुना म्हणून दाखवतो आणि तिथंच टाकून जातो. एका मुठीचं काय मोल? पण हंगाम सरता सरता बघावं, तर कोपऱ्यात गादी भरेल एवढा ढीग! विश्वनाथचे किस्से माझ्याकडे असेच साचले. आज गादी भरायला घेतो.

मी शाळेत फार टिकलो नाही. अक्षरं शिकलो ती पोत्यांवरच्या छापांवरून. म्हणून शिकणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून भारी कौतुक. आणि हा गडी तर थेट हैद्राबादला, युनिव्हर्सिटीत!

*

पहिल्यांदा तो जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, माझ्या दुकानी आला तो आगगाडीतून उतरून, ट्रंक डोक्यावर घेऊनच.

"सेठ, काम पायजे."

"नोकरीला मुनीम आहे की माझ्याकडं."

"नोकरी न्हाई, काम. नोकरीत सुट्टी तुम्ही देणार, कामात मी घेणार. कॉलेज सुटलं की येईन, उघडलं की जाईन."

जन्मभर मी लोकांना अटी घातल्या. मला अटी घालणारा हा पहिलाच! जागच्या जागी ठेवून घेतला.

अडचण एकच होती, त्याचे वडील. केदारखेड्याचे दगडूबा. घरची शेती बरी, माणूस कडक. त्यांनी पोराला बजावलं होतं, "शिकायचं तर शीक. खर्चा तुझा तू भागव. पण कुन्या व्यापाऱ्याच्या गादीवर बसलेला दिसलास, तर त्या दिवशी कॉलेज बंद अन् औत हातात!"

व्यापारी म्हणजे लबाड, हे दगडूबांचं पक्कं मत. मला राग नाही आला. मत अगदीच खोटं होतं असं कुठाय?

मग विश्वनाथ काय करी? महिन्याची सुट्टी असली तर घरी पंधरा दिवसांची सांगे. उरलेली माझ्याकडे. दगडूबा गावात म्हणत, "निजाम सरकारचं कॉलेज, सुट्ट्या लई बारीक!"

*

हॉस्टेलातही त्याचे धंदे चालूच. परीक्षा आली की पोरांना पहाटे उठवायचं, माणशी एक आणा. उठेपर्यंत हलणार नाही, ही गॅरंटी.

त्याच्या खोलीत एका जहागीरदाराचा मुलगा होता. तो म्हणाला, "मी दोन आणे देतो, मला उठवू नकोस."

विश्वनाथनं दोन आणे घेतले!

त्यानं हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "अरे, न उठवायचे जास्त कसे?"

"सेठ, उठवायला नुसती मेहनत लागते. असल्या नवाबाला झोपू द्यायला इमान लागतं. त्याला उठवायचे त्याच्या वडिलांनी मला तीन आणे कबूल केल्ते, ते सोडले म्या!"

*

सरकारी दफ्तर सगळं उर्दूत. याचं कॉलेजही उर्दूत. सुट्टीत दुकानाचं काम आटोपलं की हा कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देई.

एकदा सकाळी एक शेतकरी आला. चुलतभावानं बांध कोरला म्हणून अर्ज लिहून घेतला. दुपारी तो चुलतभाऊच आला. तोच बांध, तीच तक्रार! यानं तोही लिहून दिला.

तहसीलदार साहेबांनी अक्षर ओळखलं. बोलावणं आलं.

"दोनों अर्जियाँ तुमीच लिखे?"

"जी हुजूर."

"फिर सच्चा कौन है?"

"हुजूर, दोनों सच्चे हैं. बांध झूठा है."

साहेबांनी मोजणीदार पाठवला. खरोखरच ओढ्यानं बांध खाल्ला होता! पुढं ते दोघे भाऊ कधी मोंढ्यात आले की आधी विश्वनाथ कुठाय ते विचारत, मग माझ्याकडं बघत.

*

केदारखेड्याची गाडी मोंढ्यात दिसली की हा गायब. एकदा गावचेच कुणी अचानक दारात उभे! यानं मागच्या खोलीत कापसाच्या गंजीत उडी घेतली. पाहुणे दोन तास बसले. दोन वेळा चहा झाला, सोयरीकीच्या गप्पा झाल्या.

ते गेल्यावर गंजीतून एक पांढराशुभ्र माणूस निघाला. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशीसुद्धा!

"सेठ, तुमचे पाहुणे उठेपर्यंत म्हातारा झालो!"

आम्ही हसलो. पण तो अंग झटकत हळूच म्हणाला, "यंदाचं शेवटचं साल है. एवढं निभलं पायजे."

*

त्याच सालचा हा किस्सा.

आमच्या मोंढ्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. बाजूला दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता नाही. नियम एकच, उपरण्याखालचं बाहेर बोलायचं नाही. हे सगळं विश्वनाथला मीच शिकवलेलं.

त्या दिवशी माझा उजवा हात अडकित्त्यानं कापलेला, हळद लावून बांधलेला. मुनीम जिनिंगवर गेलेला. विश्वनाथ गादीवर भिंतीकडं तोंड करून उर्दूत चिठ्ठ्या लिहीत बसलेला. आणि दारातून खुद्द दगडूबा आत! इतकी वर्षं माझ्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस.

विश्वनाथनं आवाज ओळखला. पळायला जागा नव्हती. मान खाली घातली, पाठ तशीच.

"सेठ, कापूस आणलाय. द्या हात."

मी पट्टी दाखवली. "हात कामातून गेलाय, दगडूबा. मुनीम येईस्तोवर बसा."

"येळ न्हाई. त्यो पाठमोरा कोन है? त्याचा हात चालंल."

विश्वनाथ वळला नाही. पाठ तशीच ठेवून त्यानं उजवा हात मागं केला. बोटांना शाई. दगडूबांनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं, आणि खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकलं.

सौद्याला सुपारी फोडण्याएवढा वेळ लागतो. मी एक अख्खं पान खाल्लं. दगडूबा समोरच्या बैलांकडं बघत होते. उपरण्याखाली काहीतरी चाललं होतं. थांबलं. पुन्हा चाललं. विश्वनाथची मान आणखी खाली गेली.

अखेर दगडूबांनी उपरणं उचललं.

"जमलं. माप करून घ्या, सेठ. ह्यो मानूस कवापून है तुमच्याकडं?"

"सुट्टी-सुट्टीनं येतो," मी कसंबसं म्हणालो.

"येऊ द्या."

कापूस उतरवून त्यांनी गाडी जुंपली. बघतो तर त्यांचं भाकरीचं फडकं गादीवर, विश्वनाथच्या पाठीशी. मी ओरडलो, "दगडूबा, भाकरी राह्यली!"

ते वळलेसुद्धा नाहीत. गाडी मोंढ्याबाहेर पडली.

विश्वनाथ तसाच भिंतीकडं तोंड करून. मी जवळ जाऊन बसलो. "अरे, काय ठरलं? काय बोलले?"

"सेठ, उपरण्याखालचं बाहेर सांगायचं न्हाई. तुम्हीच शिकवलं."

"अरे, पण कापूस मी घेतलाय! पैसे मला मोजायचेत!"

तो फडक्याची गाठ सोडत म्हणाला, "भाव सांगतो, सेठ. बाकीचं न्हाई."