शिक्का वाळेपर्यंत

विद्यापीठ कुलगुरू चालवतात, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. आमचं विद्यापीठ खिडकी नंबर चारचे काका चालवत, आणि तेही गमची बाटली, स्टेपलर आणि तीन चष्मे एवढ्याच भांडवलावर. एक चष्मा अर्ज वाचायला, एक रांगेचं शेपूट बघायला आणि तिसरा, त्यांच्याच शब्दांत, माणूस वाचायला. काका दाखले देणारे कारकून. गडमुडशिंगीहून सायकलने येत, खिडकी उघडण्याआधी रांगेतून एक फेरी मारत आणि कुणाची झेरॉक्स कमी आहे, कोण सकाळपासून उपाशी आहे, हे तोंडावर सांगून टाकत. त्यांची एकच श्रद्धा होती. "युनिव्हर्सिटीत परत्येकाच्या बुडाला खुर्ची हाय. हुडकाय मात्र लागती."

हे हुडकण्याचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. एकदा रांगेत घुसणाऱ्या चौघांना एका बाईंनी नुसत्या आवाजावर मागे पाठवलं, तेव्हा काकांनी दाखल्याबरोबर त्यांच्या हातात मुलींच्या वसतिगृहातल्या नोकरीचा अर्जही ठेवला. आज बाई तिथल्या रेक्टर आहेत आणि वसतिगृह चिडीचूप असतं. फिजिक्समध्ये तीनदा नापास झालेल्या एकाने रांगेत उभ्या उभ्या काकांचा बंद पंखा चालू करून दिला. तो आता प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करतो आणि फिजिक्सचे प्राध्यापक त्याची वाट बघत बसतात.

मी त्या खिडकीशी गेले ती मात्र विद्यापीठ सोडायला. बॉटनीत एम.एस्सी. करून पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला नवा अर्ज, दर मार्चला नमस्कार. जयसिंगपूरहून वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं की झाडंझुडपं पुरे झाली, आता पुण्याला जाऊन एमबीए कर. माझाही धीर सुटला होता. त्यासाठी मायग्रेशनचा दाखला हवा होता. काकांनी तिसरा चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं, दोनऐवजी चार फोटो मागून घेतले आणि उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाले, "शिक्का वाळतोय."

तो शिक्का अकरा दिवस वाळत होता. शाई वाळायला किती वेळ लागतो ते मला कळत होतं आणि मीही काही गरीब गाय नाही, सडकून भांडले. काका शांतपणे एक पाकीट पुढे करत आणि तोवर एवढं टपाल बागेत देऊन ये म्हणत. विद्यापीठाची वनस्पतींची बाग पार चढावर. पहिल्या दिवशी पाकीट टाकून तरातरा परत आले. दुसऱ्या दिवशी दोन झाडांच्या पाट्या एकमेकींच्या जागी लावलेल्या दिसल्या आणि मला राहवलं नाही. अकराव्या दिवशी मी गुडघे टेकून पाट्या रंगवत होते, आणि बाराव्या दिवशी खिडकीकडे जायचं विसरूनच गेले. बागेत झाडांच्या नोंदी ठेवायची एक जागा निघाली होती. बागेच्या साहेबांकडे माझा अर्ज आधीच पोचला होता, माझाच फोटो काकांच्या गमने चिकटवलेला. सही तेवढी बाकी होती, ती मी केली. मुलाखत झाली, जागा मिळाली, आणि वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

प्राध्यापक व्हायचं राहून गेलं, याची सल आहे. खोटं कशाला बोलू? पण एखादं पोर झाडाखाली थांबून माझी पाटी पुन्हा पुन्हा वाचतं, तेव्हा ती सल आठवत नाही.

गेल्या महिन्यात काका निवृत्त झाले. दाखले आता ऑनलाइन मिळतात, खिडकी नंबर चार बंदच असते. शेवटच्या दिवशी ते चढ चढून बागेत आले, धापा टाकत बसले आणि पिशवीतून एक जपून ठेवलेला कागद काढला. माझं मायग्रेशन. तारीख मी अर्ज दिला त्याच दिवसाची होती.

"तुजं अडवून ठेवलं, पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चुकलं का बराबर झालं, कधी इचारायचं धाडस झालं न्हाय. घे. उद्यापासनं माज्याच बुडाला खुर्ची न्हाय, मग दुसऱ्याचं कशाला ठेवू?"

इतकी वर्षं सगळ्यांना वाचणाऱ्या या माणसाला माझं तोंड वाचता येत नव्हतं. मला रडू येत होतं. मी कागदावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि कागद त्यांच्या हातात परत दिला.

"शिक्का अजून वाळला न्हाय, काका," मी म्हटलं. "उद्या या."