पाटलीतलं तांबं

भाऊजी गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला. त्याला महिना उलटला, तरी मन एका जागी बसत नाही... सराफ्यातला तो दिवस आठवत राहतो. ताई, भाऊजी आणि मी असे तिघे होतो. ताईने डाव्या हातातली पाटली काढून काट्यावर ठेवली. दीड तोळा भरली. विकायची नव्हती, भाऊजींच्या प्रयोगासाठी वजन हवं होतं.

भाऊजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. कोळशाच्या वायूपासून पातळ इंधन करता येतं, पण ती क्रिया घडवून आणणारा, स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ लागतो. सोनं कशातच भाग घेत नाही, म्हणून या कामी त्याला कोणी विचारत नसे. भाऊजींचं म्हणणं, पुरेसं बारीक केलं तर सोनंही कामाला लागेल. त्यांनी पाटली तेजाबात विरघळवून जस्ताच्या भस्मावर बसवली आणि लोखंडी नळीतून दाबाखाली वायू सोडला. दुसऱ्या टोकाला थेंब जमले. काडी लावताच निळसर पेटले. त्यावरचा निबंध एका नियतकालिकाने स्वीकारला. बढती त्याच्यावरच अवलंबून होती. आणि नेमके तेव्हापासून भाऊजी घरात येरझारा घालू लागले.

"काहून फिरून राहिले जी? झालं ना मनासारखं?" ताईने विचारलं.

"पाटलीत तांबं असते वं. सोनार टाकतेच, नाही तर ते वाकते. अन् जस्तावर तांबंही हेच काम करते. हे मले आधी सुचलं नाही. आता थेंब कोणाचे समजायचे?"

"छापून तर येऊ द्या. कोणाले कळते?"

"मले कळते ना."

 ताईने उजव्या हातातली पाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "हिच्यातलं तांबं काढून पाहा. एक पाटली घालून तसंही बरं दिसत नाही."

शुद्ध केलेल्या सोन्यावर नळी कोरडीच राहिली. भाऊजींनी निबंध मागे घेतला, बढती दुसऱ्याला मिळाली. तरी येरझारा थांबल्या नाहीत. "सोनं कामाचं नाही, असंही नाही म्हणत गा मी," ते मला म्हणत, "मलेच तेवढं बारीक करता आलं नसेल..."

परवा ताईकडे गेलो. तिचा दुखरा गुडघा मध्यंतरी बरा झाला होता. त्या दिवशी ती पुन्हा भिंत धरून उठली. वैद्याच्या गोळ्या संपल्या का, विचारलं.

"गोळ्या हायेत. पण संगं तेलही लावून राहिली होती मी. ते बंद केलं." ती हळूच पाटावर टेकली. "कोणाच्यानं बरं वाटत होतं, ते पाहू तर दे."