फॅनच्या प्लगवरचा ठिपका

लग्न होऊन शेवगावला आले, तेव्हा सासरी टेबलफॅनच्या प्लगलासुद्धा कुंकू लावत. त्याच्या दोन्ही पिना सारख्या, त्यामुळे तो कसाही बसे. एका बाजूने बसला तर फॅन निमूट फिरे. उलटा बसला की फॅनच्या लोखंडी अंगाला हात लागताच झिणझिण्या येत. म्हणून सासूबाईंनी ठिपका लावला होता. ठिपका वर असला की भीती नाही. बरी बाजू कुठली ते फॅनला हात लावून शोधायचं काम थोरल्या जाऊबाईंना दिलं होतं.

माझ्या नगरच्या शाळेतल्या पुस्तकात तीन पिनांचा प्लग होता. तिसरी पिन जाड, म्हणून तो उलटा बसतच नाही, आणि तिची तार जमिनीत गेलेली, म्हणजे फॅनच्या अंगात उतरलेली वीज तिथे निघून जाते. सासऱ्यांशी सरळ बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून सासूबाईंना सांगितलं. बैठकीत सासऱ्यांनी ते ऐकलं.

"तार जमिनीत? मंग वारा बी जमिनीलाच घालायचा व्हय? इंग्रजी शाळंत लई शिकवत्यात!"

मी परत चुलीपुढे जाऊन बसले.

उन्हाळ्यात नणंदेला बघायला पाहुणे आले. सासूबाईंनी ओल्या फडक्याने प्लगसकट फॅन पुसला, गारव्यासाठी फरशीवर पाणी शिंपडलं.

"आत्याबाई, ठिपका गेलाय," जाऊबाई प्लग हातात घेऊन सासूबाईंना म्हणाल्या. "वर कोनची बाजू?"

"लाव की गं!" सासरे बैठकीतून ओरडले. "पाहुनं घामानं भिजल्यात."

जाऊबाईंनी लावला. फॅन फिरला. पाहुण्यांकडे तोंड करायला त्यांनी तो धरला आणि हात तिथेच चिकटला. पुरुषांच्या पायांत चपला होत्या. सुनांनी सासऱ्यांसमोर चपला घालायच्या नसत; जाऊबाईंचे अनवाणी पाय ओल्या फरशीवर होते. मी पदराचं भान न ठेवता धावले आणि वायर ओढून प्लग उपसला. फॅनसकट त्या खाली कोसळल्या.

वाचल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. भाकरी थापताना ती वेगळीच ताठ राहत.

पाहुणे गेल्यावर सासरे सासूबाईंना म्हणाले, आम्हाला ऐकू जाईल असं: "थोरलीला धड बघून लावता येत न्हाई. उद्यापासनं फॅन धाकलीनं लावायचा. तिला कळतं त्यातलं."

तिसऱ्या पिनेचं नाव कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लग माझ्या हातात होता, आणि जाऊबाई दारात उभ्या राहून माझ्या बोटांकडे बघत होत्या.