बाभळीच्या माळावर काढलेलं वर्तुळ

नवा मध्य प्रदेश झाला आणि आम्हा बऱ्हाणपूरकरांचं नागपूर सुटलं. कालपर्यंत नागपूरला जाणारे अर्ज भोपाळला जाऊ लागले, आणि भोपाळला आमच्याबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. चार बाजूंचे मुलूख जोडून केलेल्या राज्यात कुठे काय बनतं, ते आधी बघावं, त्याचा नकाशा करावा आणि मग कुठे काय द्यायचं ते ठरवावं, असं सरकारच्या मनात आलं. विचार चांगलाच होता. त्यासाठी जो माणूस पाठवला त्याच्याबद्दल मात्र मला आजही एक शब्द चांगला बोलवत नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत चित्रकला आणि भूगोल शिकवत होते. घर गावातल्या शनवारा भागात, पती पोस्टात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की भोपाळहून पाहणीसाठी साहेब आले आहेत, त्यांना नकाशे काढणारं कुणीतरी हवं आहे. विणकरांच्या घरात आतपर्यंत जायला बाईमाणूसही लागणार होतं. दोन्ही कामं मीच करावी, असं ठरलं.

साहेब डाकबंगल्यावर उतरले होते. कपड्यांना कडक इस्त्री, केसांना तेल आणि बोलण्यात सारखं एकच, ‘उद्योगों का जमाव’. जिथे जमाव दिसेल तिथे वर्तुळ काढायचं, वर्तुळाला पैसा मिळणार, ही त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी त्यांची जीप विणकरांच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली. गल्ली अरुंद होती, पण माणूस आरामात जाईल एवढी होती. साहेब उतरले ते थेट कोपऱ्यावरच्या सुताच्या व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन बसले. शेठजींनी सरबत मागवलं. मला साहेब म्हणाले, “बहनजी, आप अंदर देख आइए. मैं यहीं से समझ लेता हूँ.”

पुढे आठवडाभर ते तिथूनच समजून घेत राहिले.

मी घरोघर गेले. एका घरात नवरा मागावर बसलेला, बायको चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. सूत रंगवायचं ते मागच्या गल्लीत, ताण्याच्या उभ्या सुताला खळ द्यायची ती मशिदीपलीकडच्या मोकळ्या जागेत. माग मोडला तर दुरुस्त करणारा सुतार हाकेच्या अंतरावर. एक लुगडं बाजारात जाईपर्यंत इतक्या दारांतून फिरत होतं, की ही घरं एकमेकांपासून वेगळी मोजताच येऊ नयेत. मी दारं आणि वाटा रंगांनी जोडत गेले. कामात मला मजा येऊ लागली होती.

साहेबांनी माझा कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ये इतनी लकीरें किसलिए?”

मी म्हटलं, “साहेब, एकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं आहे. बाईनं कांड्या भरल्या नाहीत, तर नवऱ्याचा माग थांबतो.”

“औरतें तो घर में कुछ न कुछ करती ही हैं. उसे उद्योग थोड़े ही कहेंगे.”

शेठजी हसले. साहेबांनी काहीही बोलायची खोटी, शेठजी हसायचे. शेठजींची बायको घरात काय करत असेल ते मला माहीत नाही, पण शेठजी स्वतः दिवसभर लोडाला टेकून पान खात. त्यांची गणती मात्र उद्योगपतींमध्ये झाली.

मग खेड्यांची पाळी आली. जसोंडीला एका बड्या केळी बागायतदाराकडे जेवण झालं. साहेबांनी पुरणपोळीचं मनापासून मूल्यमापन केलं. गावात त्यांनी तेवढंच बघितलं. डोईफोडियाला अंगणाअंगणांत बाया-बापये बांबूच्या टोपल्या विणत बसले होते. जवळपासच्या गावांचा बाजार त्या टोपल्यांवर चालायचा. साहेब जीपमधूनच म्हणाले, “ये उद्योग नहीं, आदत है.” जीप वळली. टोपली विणणाऱ्या एका म्हातारीनं मला विचारलं, “बाई, ते साहेब खाली काऊन नाही उतरले?”

शेवटी मोठा नकाशा करायची वेळ आली. साहेबांनी पेन्सिलीनं वर्तुळ काढून दिलं. ते मोहल्ल्याभोवती नव्हतं. ते गावाबाहेर, सडकेकडेच्या माळावर होतं.

“इथे तर नुसत्या बाभळी आहेत,” मी म्हटलं.

“आज हैं. कल कारखाने होंगे.”

“पण पाहणी आजची आहे ना?”

साहेबांनी मला धोरण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माळ कुणाचा ते सांगितलं नाही. ते गावात सगळ्यांनाच माहीत होतं. माळ शेठजींचा होता.

मी वर्तुळ काढायला नकार दिला. घरी सांगितलं तेव्हा पती म्हणाले, “तू नाही काढलंस तर दुसरं कुणी काढेल.”

“अहो, काढू दे की. माझ्या हातानं नको.”

दुसऱ्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून नकाशा करून घेतला गेला. त्यानं हौसेनं चारी बाजूंना वेलबुट्टी काढली आणि माळावरचं वर्तुळ शेंदरी केलं. भोपाळचे बडे साहेब आले, टाऊन हॉलमध्ये सभा झाली. बड्या साहेबांनी वेलबुट्टीची तारीफ केली. गावची प्रतिष्ठित मंडळी पुढच्या रांगेत माना डोलावत होती. वकील होते, डॉक्टर होते, आमच्या शाळेच्या समितीतले दोघे होते. माळ सगळ्यांनी बघितलेला. एकानंही तोंड उघडलं नाही. साहेब परगावचे होते. ही माणसं तर इथलीच होती. त्यांचा मला साहेबांपेक्षा जास्त तिटकारा आला.

मी उठून म्हणाले, की विणकर जिथे राहतात ती जागा या नकाशात कोरी आहे.

पुढच्या रांगेतल्या माना मागे वळल्या. बड्या साहेबांनी विचारलं, “ये कौन हैं?”

“ड्रॉइंग टीचर हैं,” आमचे साहेब म्हणाले, आणि त्या तीन शब्दांत माझा निकाल लागला. चहा आला. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला चार शब्द सुनावले, पण नोकरी राहिली.

माळावर सरकारी शेड उभ्या राहिल्या. शेठजींना जमिनीचा मोबदला मिळाला. काही विणकरांना तिकडे नेण्यात आलं. ताण्याला खळ द्यायची तर बैलगाडी करून मोहल्ल्यात या, रंगासाठी पुन्हा या, माग मोडला तर सुताराची वाट बघत बसा. कांड्या भरणाऱ्या बायका घरीच राहिल्या होत्या. पाऊस संपेपर्यंत सगळे माग उचलून आपापल्या घरी परत आले. कुणी भांडलं नाही, कुणी अर्ज केला नाही. रिकाम्या शेडमध्ये शेठजींनी कापसाच्या गाठी भरल्या, भाडं नाममात्र.

काही वर्षांनी सरकारनं ठरवलं, की या योजनांचं मूल्यांकन व्हावं. त्यासाठी जाणकार माणूस हवा होता. भोपाळहून आमचे तेच साहेब आले. आता हुद्दा मोठा होता, पोटही. त्यांनी शेड बाहेरून बघितल्या, गाठी बघितल्या आणि अहवालात लिहिलं, की परिसरात साठवणुकीच्या उद्योगाला चांगली चालना मिळाली आहे. हे मला शाळेच्या समितीतल्या एकानं अभिमानानं वाचून दाखवलं. गावाचं नाव छापून आलं होतं ना.

साहेब जाण्याआधी शाळेत आले होते. मला ओळखलं त्यांनी. “बहनजी, इस बार नक्शा आप ही बनाइए. पेंटर का काम ज़रा कच्चा था.”

“जमणार नाही,” मी म्हटलं. “शाळेत परीक्षा आहेत.”

मे महिना होता, मी कपाट आवरायला तेवढी आले होते. वर्गांना कुलपं होती आणि व्हरांड्यात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. साहेबांनी मान हलवली, परीक्षा महत्त्वाच्या असतात म्हणाले, आणि जीपकडे गेले.