आईची गाडी पडद्यावर आली तेव्हा

माझी आई एका सिनेमात होती. सुरुवातीला पडद्यावर नावं येतात त्यांत तिचं नाव नव्हतं, तिचा चेहराही कुणाला दिसला नाही. पण ती होती, आणि त्या वर्षी सगळ्या कोल्हापुरानं तिला पाहिलं. नातवंडांना हे सांगितलं की ती हातातल्या फोनवरून मान वर करतात आणि म्हणतात, "मग दाखव की." दाखवायला माझ्याकडं काही नाही. त्या सिनेमाची एखादी प्रत कुठं उरली असेल असं मला वाटत नाही. म्हणून सांगते.

आम्ही कोल्हापूरजवळच्या कळंब्याचे. तळ्याच्या खालच्या अंगाला आमचं रान, रानात ऊस आणि थोडा जोंधळा. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती, मी मराठी शाळेत शेवटच्या बाकावर बसत होते. कोल्हापुरात तेव्हा सिनेमे नुसते लागत नसत, तिथं ते तयारही होत. स्टुडिओतली माणसं कधी पन्हाळ्याला, कधी रंकाळ्यावर, कधी आमच्या तळ्याच्या बांधावर शूटिंगला येत. रानात काम करणाऱ्या बायका खुरपी टाकून बांधावर जमत आणि रंग लावलेल्या नट्या बघून तोंडाला पदर लावून हसत.

आमच्या घरात दोन भाऊ, माझे वडील धाकटे. थोरल्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. घराचा कारभार त्यांच्याकडं होता. उंच, पिळदार, मिशीला पीळ दिलेला असा हा माणूस बोलायला लागला की शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठायची. आईशी मात्र ते कधीही थेट बोलले नव्हते. धाकट्या भावाची बायको. तिनं पदर ओढून आत जायचं आणि त्यांनी भिंतीकडं बघून "आत सांगा, पाणी द्या म्हणावं," असं म्हणायचं, ही आमच्या घरची रीत.

सिनेमाच्या आदल्या वर्षी वडील मोट हाकताना घसरले आणि त्यांचा पाय मोडला. ऐन गुऱ्हाळाचे दिवस. गुळाच्या ढेपा तयार, आबा उसाच्या तोडीत अडकलेले आणि बाजारात गाडी न्यायला माणूस मिळेना. आईनं एका सकाळी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, बैल जुंपले आणि गाडी थेट कोल्हापुरात शाहूपुरीच्या पेठेत नेली. ती माहेरी सहा भावांत एकटी बहीण म्हणून वाढलेली, लहानपणापासून बैलांच्या पायांत खेळलेली. तो सगळा हंगाम गाडी तिनंच हाकली. गावात कुजबुज झाली. आबांना ते आवडलं नाही, पण गूळ विकला जात होता, म्हणून ते गप्प राहिले. वडिलांचा पाय जुळला, तरी थोडा आखूडच राहिला. गाडी आईच्याच हातात राहिली.

आमचे बैल खिल्लारी, पांढरे स्वच्छ, शिंगं कमानीसारखी. स्टुडिओच्या माणसांनी ते बाजाराच्या वाटेवर पाहिले आणि एक दिवस घरी येऊन गाडीसकट मागितले. सिनेमात नायिका नवऱ्याचा जीव वाचवायला एकटीच गाडी भरधाव हाकत शहराकडं जाते, असा प्रसंग होता. वडिलांनी हो म्हटलं. बैल सिनेमात जाणार म्हणून मी शाळेत आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सगळे तळ्याच्या बांधाखालच्या गाडीवाटेवर गेलो. नायिका हिरव्या लुगड्यात, गोरीपान, हसरी. ती गाडीवर चढली, बैलांनी नुसत्या माना हलवल्या आणि ती किंचाळून खाली उतरली. मग त्यांनी एका गाडीवानाला तसंच हिरवं लुगडं नेसवलं. पाठीमागून तो बाईसारखा दिसेल अशी त्यांची कल्पना. बांधावरच्या बायका हसून हसून खाली बसल्या. त्यातून बैल परक्या हाताला चालेनात. त्यानं कासरा ओढला की एक डावीकडं वळायचा, दुसरा जागचा हलायचा नाही. ऊन चढायला लागलं. डोक्यावर टोपी घातलेले दिग्दर्शक हताश होऊन एका दगडावर बसले.

वडील लंगडत त्यांच्याजवळ गेले.

"सायेब, ही बैलं हिच्या हातची हायती," त्यांनी आईकडं बोट केलं. "हिला सांगा. ही पळवंल."

दिग्दर्शक उठून उभे राहिले. "बाई, हाकाल का तुम्ही?"

आईनं पदर पुढं ओढला. वडिलांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"हाकीन," ती म्हणाली. "पण माजं तोंड दिसता कामा न्हाय."

"तुमचं तोंड दिसलं तर आमचाच सिनेमा बुडेल," दिग्दर्शक म्हणाले, आणि सगळे हसले. आईसुद्धा.

तेवढ्यात आबा आले. कुणीतरी त्यांना रानात जाऊन सांगितलं होतं. ते बांधावर उभे राहिले आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"आमच्या घरची बाई शिनेमात जायाची न्हाय!"

सगळे थबकले. माझ्या वडिलांनी थोरल्या भावाला उलट उत्तर दिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते मान खाली घालूनच बोलले, पण स्वच्छ ऐकू येईल असं बोलले.

"आबा, गूळ घिऊन ती पेठंत गेली तवा तुमी गप ऱ्हायलासा. आज बी गप ऱ्हावा."

 आबा वळले आणि तरातरा निघून गेले.

आईनं झाडाआड जाऊन ते हिरवं लुगडं नेसलं. नायिका तिच्याजवळ आली. तिनं आईचा हात हातात घेऊन तळवा बघितला, घट्टे पडलेला. "तुम्हाला भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटती की," आई म्हणाली. "पर बैलास्नी कळू द्यायचं न्हाय."

कॅमेरा एका उघड्या मोटारीवर बांधला होता. मोटार कधी गाडीच्या मागं, कधी बाजूनं धावायची. आई गाडीच्या पुढच्या टोकाला एक पाय धुरेवर रोवून अर्धवट उभी राहिली, कासरा आखडला आणि बैलांना हाक घातली. ती हाक मला अजून ऐकू येते. बैल उधळल्यासारखे सुटले. धुळीचा लोट उठला, चाकं खडकावरून उसळली, बांधावरच्या बायका हसायच्या थांबल्या. मी बांधावरून ओरडत होते, "आये, पळीव! पळीव!"

तिच्याकडून त्यांनी त्याच वाटेवर गाडी पुन्हा पुन्हा पळवून घेतली. शेवटी मोटार अगदी जवळ आणून फक्त तिच्या पायांचं चित्र घेतलं. पायांत तिचे स्वतःचे चांदीचे तोडे होते, हुपरीला घडवलेले, लग्नातले. नायिकेच्या पायांतले नाजूक पैंजण काढून मग तिलाही तसेच जाड तोडे घालायला लावले. त्या दिवसापुरती तरी नटीनं आईची नक्कल केली.

त्यानंतर घरात शांतता पसरली. आबा वडिलांशी कामापुरतं बोलत. भिंतीकडं बघून पाणी मागणंही त्यांनी सोडलं. स्वतःच माठातून घेत. मोठी चुलती, म्हणजे आबांची बायको, दोघा भावांच्या मध्ये अडकली.  कधी भाकरी थापता थापता मधेच आईचा हात थांबायचा, तेव्हा आबांचा अबोला तिच्या मनात सलतोय ते मला कळायचं.

पावसाळा गेला आणि सिनेमा लागला. कोल्हापुरात भिंतीभिंतींवर त्याच्या जाहिराती, आणि एका जाहिरातीत चक्क आमचे बैल! वडिलांनी ठरवलं, रविवारी तीनच्या खेळाला जायचं. मोठ्या चुलतीनं आबांना विचारलंसुद्धा नाही, सरळ ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. आळीतल्या आणखी बायका चढल्या. आबा म्हणाले, मला पेठेत काम आहे, आणि सकाळीच चालत निघून गेले.

टॉकीजसमोर सायकली, टांगे, बैलगाड्या यांची ही गर्दी. आमचे बैल कुणीतरी ओळखले आणि त्यांच्याभोवती माणसं जमली. एक पैलवान गडी तर बैलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "पावणं, ह्यो नट इकता का?" वडील नुसते हसले. बायकांसाठी बसायला वेगळा भाग होता, मधे आडवी भिंत. आम्ही बायका बाकांवर दाटीवाटीनं बसलो. मी आईच्या मांडीला चिकटून. वडील पलीकडं पुरुषांत.

सिनेमाची गोष्ट मला फारशी आठवत नाही. सासू छळत होती, सावकार दुष्ट होता, बायका रडत होत्या. मग नायिकेनं पदर खोचला, ती गाडीकडं धावली आणि पुढच्या क्षणाला पडदाभर आमचे बैल आले. एवढे मोठे, की मी मागं सरकले. पाठमोरी आई कासरा आखडून उभी, पाठीवर पदर फडफडतोय, धूळ उडतेय. खालच्या वर्गातून शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्याकडं पैसे भिरकावल्याचा खणखणाट झाला. मग तिचा पाय दिसला, धुरेवर रोवलेला, तोडे घातलेला, टाचेला भेगा असलेला पाय. माझी आई, एखाद्या देवळाएवढी.

आणि त्या गोंधळात, अगदी पुढून, पडद्याच्या पायथ्याजवळून एक आवाज उठला. तो आवाज आम्ही कुठंही ओळखला असता.

"बगा रं! ही आमच्या घरची सून हाय! आमच्या घरची!"

आबा उभे राहिले होते. त्यांची सावली पडद्यावर पडली, फेट्यासकट. मागून लोक ओरडायला लागले, "बसा की वो पावणं!" कुणी हसलं. आबा कुणाला ऐकताहेत! दोन्ही हात वर करून ते सांगत होते, "कळंब्याची हाय! बैलं बी आमचीच हायती!" तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. बायकांच्या भागात मोठी चुलती उठली आणि आईकडं बोट दाखवून म्हणाली, "ही बगा, ही हितं बसलिया!" साऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या. एका शहरी बाईनं पुढं होऊन आईचा हात धरला. आईनं पदरात तोंड लपवलं होतं. ती रडतेय असं मला वाटलं. मी पदराखाली डोकावले, तर ती हसत होती.

खेळ सुटल्यावर आबा गाडीपाशी उभे होते. आम्ही जवळ गेलो. आईनं सवयीनं पदर ओढला. आबांनी एकदा बैलांकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं, आणि मग सरळ तिच्याकडं बघून म्हणाले,

"बैलं लई ताणली हुतीस की गं."

आई गडबडली. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याशी बोलत होते.

"मागनं मोटार येत हुती न्हवं, आबा," ती म्हणाली.

"व्हय, त्ये बी खरंच," असं म्हणून आबा गाडीत चढले. परतीच्या वाटेवर गाडी कोण हाकणार हे कुणी विचारलं नाही. आई पुढं बसली. मागं पुरुष माणसं बसलेली आणि पुढं आई गाडी हाकतेय, असं आम्ही भर पेठेतून गेलो.

त्या दिवसापासून आमच्या आळीतल्या बायकांना सिनेमाची वाट मोकळी झाली. सुगी उरकली, सण झाला, एखादा चांगला खेळ लागला, की आई बैल जुंपायची आणि गाडीभर बायका घेऊन तीनच्या खेळाला जायची. कुणाचा नवरा कुरकुरला तर आबाच त्याला गाठून म्हणत, "आमची सून संगं हाय न्हवं? मग?" ज्यांना येता आलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी रानात भांगलताना, तण काढता काढता, सगळी गोष्ट सांगितली जायची. आई सांगायला लागली की खुरपी थांबायची. तिच्या सांगण्यात मूळ सिनेमापेक्षा रडणं कमी आणि भांडणं जास्त असत.

मग दिवस पालटले. एसटी सुरू झाली, बैलगाडीनं शहरात जाणं मागं पडलं. स्टुडिओतली वर्दळ हळूहळू आटली, शूटिंगला कुणी येईना. पुढं घराघरांत टीव्ही आला. आमच्याकडं आला तेव्हा पहिली काही वर्षं शेजारपाजारच्या बायका ओसरीत येऊन बसत, तेव्हा आई खुशीत असे. मग ज्याच्या त्याच्या घरी झाला. आई एकटीच त्याच्यासमोर बसू लागली, आणि तिचं मन लागेना. "एवढी एवढीशी माणसं," ती म्हणायची. "आणि रडू आलं तर शेजारी बघायचं कुणाकडं?"

तिच्या म्हातारपणी एकदा मी तिला कोल्हापुरात सिनेमाला घेऊन गेले. दुपारचा खेळ. बायकांची वेगळी भिंत कधीच गेली होती आणि थेटर जवळजवळ रिकामं होतं. ती हट्टानं बरोबर मध्यभागी बसली. काठी दोन पायांत धरून, ताठ. सिनेमाभर ती पडद्यावरच्या माणसांशी मोठ्यानं बोलत राहिली, "त्याचं काय ऐकतीस, मूर्खे!" वगैरे, आणि गप्प करायला कुणी नव्हतं. शेवटाकडं नायिकेनं त्या दुष्ट माणसाच्या थोबाडीत मारली, तेव्हा आईनं काठी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत कॉलेजातली दोन मुलं बसली होती. त्यांनी वळून बघितलं. पांढऱ्या केसांची, नऊवारी नेसलेली बाई एकटीच टाळ्या वाजवतेय. मुलं एकमेकांकडं बघून हसली, आणि मग तीही टाळ्या वाजवायला लागली.