न पाहिलेला पहिला नंबर

परवा नातवंडांत जुंपली. कुणाचा सिनेमा एक नंबर, कुणाचा दोन नंबर, यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचीच तेवढी बाकी होती. शेवटी न्याय मागायला माझ्याकडं आली. मी म्हटलं, बाबांनो, तुमच्या बोलक्या सिनेमातलं मला काय विचारता? माझे नंबर केव्हाच लागून गेलेत, महाराजांच्या अमदानीत, तंबूत. आणि कोल्हापुरात नंबर लावायचे तर तालमीच्या रीतीनं. मैदानात पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी लागते, तसंच मीही सांगणार. घाई असेल त्यानं उठून जावं.

तिसरा नंबर एका देवीच्या बायस्कोपला. देवी झालेला बाप्या चांगला लाल मातीत घुमलेला दिसत होता. गालावर दाढीची खुंटं, दंड हे एवढाले! तरी ती प्रकट झाली की तंबूतल्या झाडून साऱ्या बायका हात जोडायच्या. आमच्या आत्यानं घरून खणनारळ नेला होता. ओटी भरायची कुठं ते कळेना, म्हणून पडद्याच्या पायथ्याशी ठेवून आली. मला त्या देवीची भीतीही वाटायची आणि मायाही यायची. पुढं एवढ्या नट्या पाहिल्या, पण तसं काही पुन्हा झालं नाही.

दुसरा नंबर जाड्या पाववाल्याचा. तो पिठाच्या पिंपात पडतो, वर येतो, पुन्हा पडतो. बास, एवढंच! पण आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हसून हसून माझ्या मांडीवर लोळली. ती हसायला लागली की नाकातून फुर्रर्र करायची, आणि आई ओरडायची, ‘‘सासरी अशी फुरफुरलीस तर दुसऱ्या दिवशी परत धाडतील!’’ तो सिनेमा दुसऱ्या नंबराला चढला तो आक्काच्या हसण्यामुळं. खोटं कशाला बोलू?

आता पहिला. तो मी धड पाहिलाच नाही.

साहेबांच्या देशातून आलेला घोडेस्वाराचा बायस्कोप होता. दर शनिवारी एक भाग. दर भागाच्या शेवटी घोडेस्वार नाहीतर त्याची ती पोरगी मरायला टेकायची आणि नेमकी तिथंच बत्ती लागायची. पुढचा शनिवार येईपर्यंत आम्ही दोघी बहिणी जात्यावर, पाणवठ्यावर, अंथरुणात तेच बोलायचो. आत्या आम्हाला घेऊन जायची. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हा नाद बिलकुल पसंत नव्हता. ते दरबारच्या कचेरीत कारकून. घरात बोलायचे ते हुकमापुरतं. ‘‘अंधारात बसून सावल्या बघायच्या! अकलेचा दुष्काळ,’’ म्हणायचे. पण आत्या त्यांची थोरली बहीण, तिच्यापुढं त्यांचं काही चालायचं नाही.

शेवटून दुसऱ्या भागात घोडेस्वाराच्या हाताला गोळी लागली. पोरगी कड्याला लोंबकळत होती, याच्याजवळ एकच हात धड. लागली बत्ती! आणि त्याच आठवड्यात आक्काचं लग्न ठरलं. कुरुंदवाडचं स्थळ. तिथं कुठला आलाय तंबू? लग्न रविवारी, हळद शनिवारी. आणि शनिवारीच शेवटचा भाग.

एकदा हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी करवली, म्हणजे मीही नवरीला चिकटलेली. आत्या चुलीपुढं. आक्कानं दागिन्यासाठी हट्ट केला नव्हता, लुगड्यासाठी केला नव्हता. पण त्या सकाळी भरल्या मांडवात ती रडली. ‘‘ती पोरगी वाचली का मेली, एवढं तरी कळू दे की गं मला!’’ आई म्हणाली, ‘‘शिनेमातल्या पोरीसाठी रडतीस? लोक काय म्हणतील?’’ मला मात्र ठाऊक होतं. आक्काला सासरची भीती वाटत होती, आणि त्या पोरीचं बरं झालं असतं तर तिला धीर आला असता. आबा सुपारी कातरत बसले होते. मान वर केली नाही.

दिवेलागणीला हळद लागली आणि आबाच गायब! आई कावली. ‘‘पावणं खोळंबल्यात, आन् ह्यांचा पत्त्या न्हाई!’’ जेवणाची पंगत बसायच्या वेळेला ते आले आणि पाहुण्यांना ओलांडून थेट आमच्या माजघरात शिरले. दार लोटलं. म्हणाले, ‘‘वाचली ती.’’

आम्ही दोघी बघतच राहिलो. आबा तंबूत गेले होते! त्यांनी धोतराचा काचा मारला आणि सांगायला लागले. सांगायला कसले, करायलाच लागले. घोडा फेकला, कड्यावर पालथे पडले, आणि ‘‘उजवा हात असा खाली सोडला,’’ म्हणाले.

आक्काचा चेहरा उतरला. ‘‘उजव्या हाताला तर गोळी लागलीया, आबा.’’

‘‘डाव्याला. डावा हात फडक्यात बांधलाय त्याचा.’’

‘‘न्हाई. उजव्याला. आम्ही दोघींनी बघितलंय. आणि तो डावखुराच हाय.’’ मीही मान डोलावली. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘तुम्ही गेलाच नव्हता. माझी समजूत काढायला रचून सांगताय.’’

आबांचा संताप आम्हाला माहीत होता. मी डोळे मिटून घेतले. पण ते नुसतंच म्हणाले, ‘‘तुम्ही बायका तंबूत बसता कुठं?’’

‘‘पडद्याच्या मागं. पुरुष पुढं.’’

खरंच तसं होतं. पडद्यावर पाणी मारून तो ओला ठेवत, म्हणजे चित्र पलीकडं आम्हालाही दिसे. मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, हे आम्हाला कोण सांगणार? मध्येमध्ये पडद्यावर येणारी अक्षरं साहेबाची, ती सुलटी असती तरी आम्हाला काय कळणार होती? मला स्वतःला हे उमगलं ते पुढं थेटरात पडद्यासमोर बसले तेव्हा. आबांना मात्र तिथंच, त्या क्षणी कळलं असणार. एका वाक्यात आमचं अज्ञान काढून मोकळे झाले असते. कचेरीतला माणूस, चुकीचा शब्द खपवून घ्यायचा नाही.

ते उठले. काचा पुन्हा खोचला. ‘‘माझंच चुकलं,’’ म्हणाले. हा शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ‘‘म्हातारपण. डावं-उजवं राहत न्हाई ध्यानात. पहिल्यापासनं सांगतो.’’

आणि त्यांनी घोड्यावर चढण्यापासून सगळं पुन्हा केलं, सगळं डाव्या हातानं. अडखळत होते, चुकत होते, मध्येच उजवा हात पुढं यायचा तो मागं घेत होते. मग पाटाच्या कडेला पालथे पडले आणि डावा हात आक्कापुढं केला.

‘‘आता तो म्हणतो, धर.’’

आक्कानं हळदीच्या दोन्ही हातांनी तो हात धरला. ‘‘धरला, आबा.’’

त्यांनी ओढायचं होतं. पण ते ओढेनात, सोडेनात. बाहेरून आई पंगतीसाठी हाका मारत होती आणि माझे आबा जमिनीवर पालथे पडून लहान पोरासारखे रडत होते.