वरची जागा रिकामी होती

नारायण गेल्याचं मला कळलं ते कारखान्याच्या गेटवरच्या फोनवरून. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, ड्रॉइंग ऑफिसात माझ्या शेजारचं त्याचं टेबल रिकामं होतं, आणि आज स्वारीची बस चुकलेली दिसते असं मी मनाशी म्हणत होतो. गेटवरच्या माणसानं बोलावलं म्हणून गेलो. पलीकडे पोलीस ठाण्यातला कुणी हवालदार होता. तो कानडीत म्हणाला, "सार, बसमध्ये एक परदेशी माणूस मेलाय. आफ्रिकेचा. त्याच्या खिशात तुमच्या कारखान्याचा पास सापडलाय, नाव नारायण असं आहे. पास चोरीचा असणार." मी म्हटलं, "पास चोरीचा नाही. तो नारायणच आहे."

बेंगळुराच्या टोकाला असलेल्या येलहंकाहून निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. बस खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळत होती, पण त्याच्या शेजारची जागा नेहमीप्रमाणे रिकामी. त्यामुळे तो कुणाच्या खांद्यावर कलंडला नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं हाक मारली तेव्हा कळलं. त्या रिकाम्या जागेची तो स्वतःच थट्टा करायचा. "राव, तुम्हाला बसवाले एक सीट देतात, मला दोन," असं म्हणून तो हसायचा आणि मीही हसायचो. आता सहा आठवडे झाले, ते हसणं आठवलं की मला माझी लाज वाटते.

नारायण यल्लापूरकडच्या रानातला, सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत कोंबून गोव्याच्या किनाऱ्यावर आणलेल्या आणि पुढे घाटातल्या जंगलात पळून गेलेल्या माणसांचा वंशज. रंग काळाकुळीत, केस बारीक कुरळे, आणि बोली कोकणी, तीही मराठीला अगदी लागून असलेली. म्हणून तर आमचं जमलं. कारखान्यात मराठी बोलायला मला दुसरं कुणी नव्हतं. आमचं घराणं बेंगळुरात तीनशे वर्षांचं; आमच्यात अर्धी मराठी, अर्धं कानडी, आणि तरी आमच्या मल्लेश्वरममध्ये अजून कुणी ना कुणी विचारतंच, तुम्ही मूळचे कुठले? एकदा मी हे त्याच्याकडे कुरकुरत सांगितलं. तो टी-स्क्वेअरची पट्टी पुसत होता. म्हणाला, "तुमची माणसं घोड्यावर बसून आली, आमची साखळीत. आली बहुतेक मागंपुढंच. पण तुम्हाला गाव विचारतात, मला पासपोर्ट." हे त्यानं चिडून नाही सांगितलं, पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगितलं. हाताला त्याच्यासारखी रेघ आमच्या ऑफिसात कुणाची नव्हती. साहेबलोक आता कॉम्प्युटर येणार म्हणून मिरवत होते, पण अवघड भागाचं ड्रॉइंग आलं की गुपचूप त्याच्याच टेबलावर ठेवायचे.

चार वर्षांपूर्वी त्याला घर हवं होतं. तोवर तो कारखान्याजवळ एका खोलीत आणखी दोघांबरोबर भागीदारीत राहायचा. आता गावाकडून बायको लक्ष्मी आणि चार वर्षांची मुलगी गंगा यायची होती. फोनवर त्याचं काम चोख व्हायचं. त्याचं कानडी असं शुद्ध की घरमालक खूश होऊन म्हणायचे, या, संध्याकाळी बघून जा. संध्याकाळी मी सोबत जायचो. मालक आधी माझ्याकडे बघून हसायचे, मग माझ्या मागं बघायचे, आणि घर सकाळीच दिलं गेलेलं असायचं. दाराशी 'टू लेट'ची पाटी तशीच लोंबत असायची. नारायण नम्रपणे विचारायचा, "मग पाटी मी काढून ठेवू का, सार? उगाच लोकांना हेलपाटे." एका आजोबांनी तर त्याला इंग्रजीत सांगितलं की आम्ही परदेशी माणसांना घर देत नाही. तो कानडीत म्हणाला, मी यल्लापूरचा. आजोबा माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, "एष्टु चेन्नागि कन्नड कलितिद्दाने!" किती छान कानडी शिकलाय! आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि पोट धरून हसलो. हसता हसता नारायण कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही... अशी एकोणीस घरं आम्ही पाहिली. ती सगळी कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही, पण त्याच्यावर लिहायचं आणि हे गाळायचं म्हणजे आणखी एक खोटेपणा. त्याच महिन्यात आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आधीचे भाडेकरू इलेक्ट्रॉनिक सिटीकडे नोकरी लागली म्हणून निघून गेले होते. नारायणनं स्वतःहून कधी विचारलं नसतं. पण मी जेवताना आईला सगळी हकिकत सांगितली, तर ती ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "सरी, बरं मग, वर दे की त्याला. रिकामंच हाय न्हवे? लेकरू घेऊन कुठं फिरंल तो?" इतकं सोपं होतं. अवघड मी केलं. आमच्या विजूला, धाकट्या बहिणीला, तेव्हा स्थळं बघत होतो. पाहुणे त्याला जिना चढताना बघतील, काय म्हणतील? शेजारचे निवृत्त मास्तर आधीच एकदा सुचवून गेले होते की राव, आपली गल्ली बरी आहे, बरीच ठेवा. नारायणबरोबर दारोदार फिरून मी त्या घरमालकांना शिव्या घालत होतो, आणि विसावा घरमालक मीच निघालो. दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभं राहून मी त्याला म्हटलं, "वरची जागा आहे रे, पण आईचं सोवळं फार... ती नको म्हणते." त्यानं पेन्सिलीला टोक काढत मान हलवली. "म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास, राव," म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखंच वाटलं.

त्यानंतर त्यानं घर शोधायची पद्धतच बदलली. लोक पाणी बघतात, शाळा बघतात, बसथांबा बघतात. नारायण पोरं बघायला लागला. तोवर गंगाला त्यानं गावाहून आणलं होतं. रविवारी तिला घेऊन एकेका वस्तीत जायचा, मैदानाच्या कडेला उभा राहायचा आणि तिचा हात सोडायचा. पोरं खेळ थांबवून बघत राहिली, हसली, दगड शोधायला लागली, की तिला उचलून पुढची बस. असे पाच-सहा रविवार गेले. येलहंकाच्या जुन्या गावात एका मैदानात पोरांनी खेळ थांबवला, तिला नीट पाहिलं, आणि एका मुलीनं चेंडू तिच्याकडे फेकला. नारायणनं त्याच दुपारी जवळच्या चार दारांवर घर विचारलं आणि चौथ्या दारी मिळालं. पत्र्याचं छप्पर, नळ बाहेर, कारखाना दोन बस आणि पावणेदोन तास दूर. घरभरणीचं दूध उतू घालवायला त्यानं मला बोलावलं. नव्या घरात पहिलं दूध पूर्वेकडे उतू गेलं म्हणून लक्ष्मीनं टाळ्या वाजवल्या, आणि तो मला म्हणाला, "लांब आहे, पण इथं पोरगी 'बाहेर जाते' म्हणाली की मला भीती नाही वाटत." रोज पहाटे उठून, चार वर्षं, त्यानं त्या एका वाक्याची किंमत भरली. डॉक्टर काहीही म्हणोत, मी ते गणित मनात करतच राहतो.

या चार वर्षांत तो आमच्याकडे सणावाराला यायचा. आल्या आल्या आईच्या पाया पडायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कॉफी घ्यायचा, तिची शेवग्याची शेंग तोडून द्यायचा. मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचो. दोघं एकत्र बसली की माझा कान तिकडेच असायचा, न जाणो कुणी तो विषय काढला तर! विजूचं लग्न झालं, ती हुबळीला गेली. वरच्या खोल्यांत बँकेतलं एक कुटुंब आलं नि यंदा बदलीवर गेलंही. विषय कधी निघाला नाही, आणि मी समजलो की तो विरला.

गेल्या रविवारी मी आईला घेऊन लक्ष्मीला भेटायला येलहंकाला गेलो. चौऱ्याहत्तर वर्षांची आई हट्टानं बसनं आली, तो रोज कसा यायचा ते मला बघू दे म्हणाली. हेब्बाळचा थांबा मागं पडल्यावर ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलली, "इतक्या लांब... मी इचारलं होतं त्याला. पयल्या उगादीला आला तेव्हा. म्हटलं, नारायणा, मी हो म्हटलं होतं की रे, वर का न्हाई आलास?" मी विचारलं, "काय म्हणाला?" "हसला. म्हणाला, अम्मा, बायकोला येलहंकाच आवडलं." घर घेतल्यानंतरची ती पहिलीच उगादी, आपला गुढीपाडवा. म्हणजे जवळजवळ चार वर्षं त्याला माहीत होतं. रोज माझ्या शेजारी बसून, माझ्या डब्यातली भाजी खाऊन, माझ्या चुकलेल्या रेघा खोडून देऊन, त्याला माहीत होतं... आणि माझ्या आईसमोर त्यानं मला झाकलं.

लक्ष्मीनं आम्हाला चटईवर बसवलं. तिला कारखान्यात नारायणची वारस म्हणून नोकरी मिळतेय, स्टोअरमध्ये, पुढच्या महिन्यापासून. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लक्ष्मी, आमची वरची जागा रिकामी आहे. कारखान्याला दहा मिनिटं. तुम्ही दोघी या." हे वाक्य मी चार वर्षं उशिरा बोलत होतो. तिला सगळं ठाऊक असणार, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "नको, अण्णा," ती म्हणाली. "मी बसनं येईन. गंगाला इथं सगळी खेळायला घेतात. तुमच्याकडं परत पयल्यापासून पोरं कोण बघणार?" बाहेरून आठ वर्षांच्या गंगाचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी कडाकडा भांडत होती, आऊट नाहीच म्हणून.

परतीच्या बसमध्ये आईनं विचारलं, "तू त्याला काय सांगितलं होतंस रे?" मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं: तू नको म्हणालीस असं सांगितलं. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. "म्हणजे त्या उगादीपर्यंत तो माझ्या पाया पडत होता ते मी नको म्हटलं असं समजून..." एवढं म्हणून ती थांबली आणि पदर तोंडाला लावला. मल्लेश्वरमचा थांबा आला. तिचे गुडघे दुखतात, उतरताना ती नेहमी माझा हात धरते. मी खाली उतरून हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. बसचा दांडा घट्ट पकडून, एकेक पायरी बघत, ती स्वतःच उतरली आणि माझ्या पुढे चालू लागली.